वाइन आस्वादन

वाइन आस्वादन : वाइनचा रंग, गंध, रुची आणि मुखातील स्पर्श यांची ठराविक क्रमाने, लक्षपूर्वक व तुलनेने पारख करण्याच्या पद्धतीस ‘वाइन आस्वादन’ म्हणतात. द्राक्षरसाचे यीस्टच्या साहाय्याने किण्वन होऊन वाइन तयार होते. तिच्यात सामान्यतः ११ ते १४ टक्के (घनफळाने) एथिल अल्कोहॉल असते. आस्वादन ही क्रिया मद्यपानाहून वेगळी आहे. मद्यपानात परिणाम अपेक्षित असतो, तर आस्वादनात भेद ओळखणे अपेक्षित असते. म्हणूनच व्यवसायाने वाइन पारखणारी व्यक्ती घोट तोंडात घोळवून थुंकून टाकते व दिवसाकाठी अनेक नमुने तपासूनही शुद्धीवर राहते. कलकत्ता व गुवाहाटी येथील चहाच्या लिलावांपूर्वी चहापारखी याच रीतीने शेकडो कप चाखतात. मात्र चहाची चूक झाल्यास कोणाचे घर बुडत नाही. वाइन हे अंमली पेय असल्यामुळे तिच्या आस्वादनाची सभा भरविणाऱ्यावर जी जबाबदारी येते, ती चहापारख्यावर येत नाही. प्रस्तुत नोंदीत आस्वादनाची पद्धत, तिच्यामागील शास्त्र आणि अशी सभा आनंददायक व बोधप्रद कशी करावी यांचा विचार केला आहे. महाराष्ट्रातील, विशेषतः नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातील अनुभव त्यासाठी आधारभूत धरला आहे.

इतिहास : द्राक्षाची वाइन तिच्या उगमस्थानावरून ओळखण्याची प्रथा भारतास नवी नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे मद्यांचे प्रकार दिले असून त्यांतील मधु म्हणजे द्राक्षरसापासून केलेले मद्य होय. प्रदेशावरून त्यास कापिशायन व हारहूरक अशी नावे असल्याचे तेथेच म्हटले आहे. कापिशी हा आजच्या अफगाणिस्तानातील बेग्रामचा परिसर. चरकसंहितेत ८४ आसवांची गणना आहे. अर्थात तेथील दृष्टी औषधाची आहे, रसिकतेची नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरी येणाऱ्या मालात वाइनचा उल्लेख असून इटलीच्या वाइनला अधिक पसंती असल्याचे नमूद केले आहे. याच बंदराकडे पैठण व तेर येथून माल जात असे, हेही त्याच ग्रंथावरून कळते. नेवासे येथील उत्खननात रोमन अँफोरांचे म्हणजे दोन कानांच्या उंच कुंभांचे तुकडे मिळाले आहेत. बुलढाणा ज्या अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसले आहे, त्याच रांगेतील अजिंठा लेण्याच्या पहिल्या गुंफेत छतावर परदेशी वेशातील एक पुरुष हाती पेला घेऊन बसलेला दाखविला आहे. हा इराणचा बादशहा दुसरा खुसरौ असावा असे एके काळी मानले जाई. गुंफेचा काळ त्याच्या आधीचा असल्याने ते मत आता मागे पडले आहे.

यूरोपात वाइनच्या व्यापाराबरोबर पारखीचेही शास्त्र होत गेले. अमेरिकेतील डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात विसाव्या शतकात गुणांकनाची २० गुणांची पद्धत रूढ झाली आणि १९८४ मध्ये तेथील ॲन नोबल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गंधांच्या नावांचे एक चक्र प्रसिद्ध केले. फ्रान्समधील एमील पेनो यांचा वाइनच्या चवीवरील ग्रंथ १९८० मध्ये निघाला. परंतु सामान्य लोकांच्या मनात आस्वादनाविषयी कुतूहल निर्माण केले ते २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये झालेल्या एका सभेने. स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने फ्रेंच पंचांपुढे फ्रान्स व कॅलिफोर्निया येथील वाइन नावे झाकून ठेवल्या. पांढऱ्या व तांबड्या अशा दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाच्या वाइन पहिल्या आल्या. नाव पुढे असते तर निकाल असा लागला असता काय, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक आस्वादन सभेच्या मागे उभा आहे.

महाराष्ट्रातील वाटचाल : आधुनिक वाइन उद्योगाचा महाराष्ट्रातील आरंभ १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे झाला. शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने तेथे फेसाळ वाइन तयार केली व ती ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी विकली गेली. पुढे हा उद्योग कर्जात बुडाला. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये वाइनच्या जातींची लागवड केली आणि २००० मध्ये त्यांच्या ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्यानांसाठी जागा ठरविण्यात आल्या. निफाड, दिंडोरी, इगतपुरी आदी तालुक्यांत नवी केंद्रे निघाली, तर सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ इटालियन भागीदारांसह ‘फ्रातेल्ली’ची स्थापना झाली. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावास भौगोलिक चिन्हांकन मिळाले आहे. मुंबईच्या सोनल हॉलंड या २०१६ मध्ये ‘मास्टर ऑफ वाइन’ ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या.

२००५ मध्ये ‘सुला’ने द्राक्षमळ्यातच आस्वादन कक्ष उघडला. तोपर्यंत मद्याचे दुकान म्हणजे जाळीआडून बाटली देणारी खिडक, आणि तीही वर्तमानपत्रात गुंडाळून, असाच बहुतेकांचा अनुभव होता. आस्वादन कक्षात आलेल्यास प्रथम वेल, मग टाक्या व ओक लाकडाची पिंपे आणि शेवटी लहान लहान मापांत चार-सहा वाइन दाखविल्या जात. कुटुंबासह आलेली माणसे, त्यांत स्त्रियाही, उजेडात बसून शंका विचारू लागली. हा बदल लहान नव्हे. २००८ पासून हंगामात तेथे संगीत व वाइन यांचा उत्सवही होऊ लागला. तथापि उत्सवातील गर्दी आणि आस्वादनाची सभा या दोन गोष्टी एक नव्हेत. संगीताच्या गोंगाटात वाइनचा गंध कोणास समजत नाही आणि तेथे विकले जाते ते प्रायः पेल्याने. शिक्षण हवे असणाऱ्याने उत्सवाचे दिवस टाळून जावे.

महाराष्ट्राच्या वाइनची चव समजण्यास येथील हंगाम ध्यानी घ्यावा लागतो. यूरोपात वेल हिवाळ्यात झोपतो व द्राक्षे शरदात पिकतात. येथे वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास एक व पावसाळ्यानंतर सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये दुसरी, अशा दोन छाटण्या कराव्या लागतात आणि वाइनची द्राक्षे साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात उतरतात. थंडीच्या रात्री अम्लता टिकवितात. फेब्रुवारीअखेर ऊन तापले की साखर झपाट्याने वाढते व अम्लता घटते. तोडणी आठवडाभर लांबली तरी वाइन जड व बोथट होते. शेनँ ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँ, शिराझ, कॅबरने सोव्हिन्याँ या जाती येथे मुख्यत्वे वापरल्या जातात. खाण्याच्या थॉम्प्सन सीडलेस वा सोनाका द्राक्षांपासून उत्तम वाइन होत नाही, कारण त्यांत गंधद्रव्ये व अम्लता कमी असते. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि पुण्यातीलच आघारकर संशोधन संस्था यांनी जातींवर काम केले असून आघारकर संस्थेची ‘एआरआय-५१६’ ही जात रस, मनुका व तांबडी वाइन यांसाठी उपयोगी ठरली आहे.

शास्त्रीय आधार : चव म्हणून आपण ज्याचा अनुभव घेतो त्याचा मोठा भाग वस्तुतः गंधाचा असतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मांसरसासारखी) एवढ्याच मूलभूत रुची कळतात. जिभेच्या टोकावर गोड व कडेला आंबट अशी जी आकृती अनेक शालेय पुस्तकांतून छापली गेली ती चुकीची आहे. सर्व रुची जिभेच्या सर्व भागांत कमीअधिक जाणवतात. तुरटपणा ही आयुर्वेदाच्या षड्रसांत गणलेली रुची आधुनिक शरीरक्रियाविज्ञान मुख्यतः स्पर्श मानते. तांबड्या वाइनमधील टॅनिने लाळेतील प्रथिनांशी संयोग पावतात व जिभेवरचा ओशटपणा नाहीसा होऊन तोंड कोरडे पडते. कच्चे जांभूळ वा केळफूल खाल्लेल्यास हे समजावून सांगावे लागत नाही. उरलेले सारे, म्हणजे पेरू, लिंबाची साल, मिरे, लवंग, भाजलेला पाव, हे गंध होत. वाइन तोंडात असता तिची वाफ घशामागून नाकात चढते. सर्दी झालेल्या माणसास सर्व वाइन सारख्याच आंबट लागतात, याचे कारण हेच. शिराझमधील मिऱ्याचा गंध रोटंडोन या संयुगामुळे येतो व तेच संयुग खऱ्या मिऱ्यातही असते, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखविले. तेव्हा ‘मिऱ्यासारखा वास येतो’ हे विधान केवळ कविकल्पना नव्हे.

परंतु इंद्रिये फसतात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॉर्दो येथील एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन गंधहीन तांबड्या रंगाने रंगवून देण्यात आली. तिचे वर्णन करताना त्यांनी तांबड्या वाइनसाठी योजिले जाणारेच शब्द वापरले. डोळ्याने नाकाला शिकविले, असा त्याचा अर्थ. किंमत, बाटलीचा आकार, यजमानाने आधीच उच्चारलेले विशेषण यांचाही असाच प्रभाव पडतो. यावरून आस्वादन हे थोतांड आहे असा निष्कर्ष काही जण काढतात. तो घाईचा आहे. माणसाला भेद कळतो, पण तो सूचनेला बळी पडतो. म्हणूनच सभेची मांडणी अशी करावयाची की सूचना कमीत कमी राहतील.

दुसरी अडचण शब्दांची. इंग्रजी गंधचक्रातील गूजबेरी, ब्लॅककरंट, व्हायोलेट ही नावे मराठी श्रोत्यास पाठ करता येतील, पण ओळखता येणार नाहीत. कारण त्या वस्तू त्याने हुंगलेल्या नाहीत. त्याऐवजी करवंद, जांभूळ, पिकला पेरू, ढोबळी मिरची, कैरीची साल, गूळ, मेथी, भिजलेली माती, कातडे, गोठा अशी आपल्या नाकाच्या ओळखीची नावे वापरावीत. परदेशी यादीतून उसनी घेतलेली वर्णने वाचून दाखविणारा मार्गदर्शक श्रोत्यांना बुजवितो. ते मान हलवितात आणि काहीच शिकत नाहीत.

सभेची पूर्वतयारी : एका सभेस दहा-बारा माणसे पुरेत. त्याहून अधिक झाल्यास प्रत्येकाचे मत ऐकणे शक्य होत नाही. वाइनचे नमुने पाच, फार तर सहा. सातव्यानंतर नवख्याची जीभ थकते. एका नमुन्यास ४० मिलि. माप ठेवल्यास ७५० मिलि.च्या एका बाटलीत बारा जणांना वाटून सु. २७० मिलि. वाइन फेरतपासणीस उरते. नमुने निवडताना काही प्रश्न मनाशी धरावा. एकाच जातीची तीन केंद्रांची वाइन, एकाच केंद्राच्या दोन निरनिराळ्या वर्षांची वाइन, अथवा ओकच्या पिंपात ठेवलेली व न ठेवलेली, अशा जोड्यांतून जे समजते ते पाच असंबद्ध बाटल्यांतून समजत नाही. महाग बाटल्यांची रांग मांडणे हा यजमानाच्या ऐपतीचा पुरावा होय. शिक्षण त्यातून घडतेच असे नाही.

खोली उजेडाची, हवेशीर व गंधहीन असावी. उदबत्ती, अत्तर, मोगऱ्याचा गजरा, फोडणीचा वास यांपैकी एकही गोष्ट सभा बिघडविण्यास पुरेशी आहे. पान, तंबाखू व सुपारी निदान तासभर आधी बंद ठेवावी. टेबलावर पांढरे कापड वा साधा पांढरा कागद अंथरला म्हणजे रंग पारखता येतो. पेला पातळ काचेचा, देठाचा व वर निमुळता होत गेलेला हवा. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९७७ मध्ये ठरविलेला आस्वादन पेला सु. २१५ मिलि. धारणक्षमतेचा असून त्यात ५० मिलि. वाइन ओततात. उरलेल्या रिकाम्या जागेत गंध साठतो. स्टीलचा पेला वा चहाचा कप चालत नाही. पेले साबणाच्या वासाचे नसावेत. कोऱ्या कपड्याने पुसण्यापेक्षा गरम पाण्याने विसळून उपडे ठेवणे बरे.

तापमानाकडे आपल्याकडे फारच दुर्लक्ष होते. तांबडी वाइन ‘खोलीच्या तापमानास’ द्यावी, हा पुस्तकी नियम यूरोपातील जुन्या गार घरांसाठी होता. पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा वा खामगाव येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४०° से.च्या वर जातो. त्या तापमानास तांबड्या वाइनमधील अल्कोहॉल उसळते आणि बाकी सर्व गंध त्याखाली दबतात. फेसाळ वाइन ६° ते ८°, पांढरी ८° ते १२° व तांबडी १५° ते १८° से. असावी. घरच्या शीतकपाटातून काढलेली तांबडी बाटली अर्धा तास बाहेर ठेवल्यास साधारण हे तापमान येते. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात त्याहूनही कमी वेळ लागतो. बाटली दुकानात उन्हाच्या झळीत महिनोन्‌महिने उभी राहिली असेल तर तिच्यातील वाइन शिजल्यासारखी, मुरंब्याच्या वासाची लागते व बूच किंचित वर सरकलेले दिसते. अशी बाटली घेऊ नये. शक्यतो सभा कार्तिक ते माघ या काळात ठेवावी.

आस्वादनाचा क्रम : फेसाळीनंतर पांढरी, मग गुलाबी व तांबडी, हलकीनंतर जड, बिनगोड म्हणजे व्यवहारात ज्यास ‘ड्राय’ म्हणतात ती आधी व गोड शेवटी, हा क्रम सामान्यतः पाळतात. गोड वाइननंतर बिनगोड वाइन कडवट वाटते, जसा श्रीखंडानंतरचा चहा. प्रथम पेला तिरपा धरून पांढऱ्या कागदावर रंग व स्वच्छता पाहावी. मग न हलविता हुंगावे, नंतर पेला देठाने धरून गोल फिरवून पुन्हा हुंगावे. दोन वेळा हुंगण्यातील फरक हा नवख्यासाठी पहिला धडा असतो. त्यानंतर लहान घोट घेऊन तो जिभेवर सर्वत्र फिरवावा, ओठांतून थोडी हवा आत ओढावी आणि थुंकून टाकावा. थुंकल्यावर चव किती सेकंद टिकते हे मनात मोजावे. या टिकण्यावरून वाइनच्या प्रतीचा बराच अंदाज येतो.

थुंकण्याचा मराठी माणसास संकोच वाटतो, विशेषतः वडीलधाऱ्यांसमोर. जुन्या वाड्यांतून तस्त व पिकदाणी ही प्रतिष्ठेची भांडी होती, हे येथे आठवावे. प्रत्येक दोघांत एक झाकणाचे भांडे ठेवावे आणि यजमानाने स्वतः पहिल्या घोटास थुंकून दाखवावे, म्हणजे संकोच जातो. मधल्या वेळी पाणी व साधा पाव पुरे. चिवडा, शेव, लसणाची चटणी, ठेचा हे पदार्थ आस्वादनानंतर द्यावेत. तिखटाने टॅनिने अधिक झोंबतात व जीभ बधिर होते.

आपल्या आतिथ्यातील ‘आग्रह’ या सभेत पूर्णपणे वर्ज्य होय. ‘आणखी थोडी घ्या’ हे वाक्य जेवणाच्या पंगतीत सद्गुण असेल, येथे तो दोष आहे. पेला रिकामा दिसला म्हणून भरावयाचा नसतो. जो ‘नको’ म्हणेल त्यास कारण विचारू नये. त्याला द्राक्षरस वा कोकमाचे पाणी द्यावे व हुंगण्यात आणि चर्चेत सहभागी करून घ्यावे. गंध ओळखण्याचा अर्धा अभ्यास घोट न घेताही होतो.

प्रत्येकाने आपले मत आधी कागदावर लिहावे, मग बोलावे. सर्वांत अनुभवी व्यक्तीने शेवटी बोलावे. ती आधी बोलली की बाकीच्यांना तेच वास येऊ लागतात. बाटल्यांना कागदी पिशव्या घालून क्रमांक दिल्यास पॅरिससारखी परीक्षा घरीही घडते. त्याहून बोधप्रद आहे ती त्रिपेला कसोटी : तीन पेल्यांपैकी दोहोंत एक वाइन व तिसऱ्यात दुसरी ओतून निराळा पेला ओळखण्यास सांगावे. निव्वळ तर्काने बारांपैकी चौघांचे उत्तर बरोबर येईल. आठ वा अधिक जणांचे बरोबर आले तर भेद खरोखर कळला असे संख्याशास्त्राच्या नेहमीच्या निकषाने मानता येते. मोठमोठी विशेषणे लावणाऱ्या मंडळींची या कसोटीत जी गंमत होते तिने सभेत मोकळेपणा येतो.

एखादी सदोष बाटली निघाल्यास ती लपवू नये, दाखवावी. ओल्या पुठ्ठ्यासारखा वा बुरसट वास बहुधा बुचातील ट्रायक्लोरोॲनिसोल या संयुगाचा असतो. १९८० च्या दशकारंभी स्विस संशोधकांनी त्याची ओळख पटविली. शिरक्यासारखा वास अॅसिटिक अम्लाचा आणि गोठ्यासारखा वास ब्रेटॅनोमायसिस या यीस्टचा. सौम्य प्रमाणात हा शेवटचा वास काहींना आवडतोही, आणि त्यावर वाद रंगतो.

कायदा व आरोग्य : महाराष्ट्रात मद्यविषयक व्यवहार १९४९ च्या दारूबंदी कायद्याने नियंत्रित होतात. कायद्यानुसार मद्य बाळगणे व सेवन करणे यांसाठी परवाना लागतो, आणि निमंत्रितांपुरता असला तरी सार्वजनिक स्वरूपाचा कार्यक्रम ठेवावयाचा झाल्यास जिल्ह्यातील राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून तात्पुरती अनुज्ञप्ती घ्यावी लागते. वयोमर्यादा व कोरडे दिवस पाळावे लागतात. वर्धा (१९७४) व गडचिरोली (१९९३) या जिल्ह्यांत दारूबंदी असल्याने तेथे अशा सभेचा प्रश्नच उद्भवत नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत स्वतंत्र कपाटातून वाइन विकण्यास मान्यता दिली, पण तीव्र विरोधानंतर तो निर्णय मागे पडला. त्या वादात ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असे पुनःपुन्हा सांगण्यात आले. रसायनशास्त्रास हे विधान मान्य होण्यासारखे नाही. वाइनमधील अल्कोहॉल व देशी दारूतील अल्कोहॉल एकच. भेद प्रमाणाचा, निर्मितीचा व पिण्याच्या रीतीचा आहे. द्राक्ष बागायतदारास बाजार मिळावा ही अपेक्षा रास्त आहे, पण तिच्यासाठी असत्याचा आधार घेण्याची गरज नाही.

हिशेब करून पाहता येईल. ४० मिलि.चे पाच नमुने थुंकून न टाकता गिळले तर २०० मिलि. वाइन, म्हणजे १३ टक्के प्रमाणाने सु. २० ग्रॅ. शुद्ध अल्कोहॉल पोटात जाते. ६० किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीने ते थोड्या वेळात घेतल्यास रक्तातील प्रमाण ठोकळ मानाने १०० मिलि.स ५० मिग्रॅ.च्या आसपास जाऊ शकते. स्त्रियांत बहुधा अधिक. मोटार वाहन कायद्यातील मर्यादा ३० मिग्रॅ. आहे. तेव्हा ज्याला वाहन चालवायचे आहे त्याने थुंकणे हा शिष्टाचार नसून आवश्यकता आहे, आणि गिळणाऱ्यांसाठी परतीचे वाहन व चालक आधी ठरविणे हे यजमानाचे काम आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्यार्कयुक्त पेयांचा समावेश कर्करोगकारक द्रव्यांच्या पहिल्या गटात केला आहे. आरोग्यास पूर्णपणे निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. तांबडी वाइन हृदयास हितकर असते, हा समज सभेत पसरवू नये. गर्भवती स्त्रिया, यकृताचे रोगी, झोपेची वा मधुमेहाची औषधे घेणारे व पूर्वी व्यसनातून बाहेर पडलेले यांना निमंत्रण देतानाच कार्यक्रमाचे स्वरूप सांगावे.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात या खबरदारीस विशेष अर्थ आहे. कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी पिकविणारा हा जिल्हा द्राक्षपट्ट्याबाहेर आहे आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी साहाय्य जाहीर केले त्यांत तो होता. दारूमुळे विस्कटलेली घरे येथील वाचकाने जवळून पाहिलेली असतात. ग्रामीण भागातील स्त्रियांनी मतदानाने बाटली ‘आडवी’ करून दुकाने बंद पाडण्याची चळवळ महाराष्ट्रात अनेक ठिकाणी झाली आहे. अशा ठिकाणी चार सुशिक्षितांनी भरविलेली आस्वादन सभा शेजाऱ्यांच्या दृष्टीने बैठकीहून वेगळी दिसणार नाही, जर ती तशी वेगळी नसेल तर. वेळ सायंकाळची न ठेवता दुपारची ठेवणे, संख्या मोजकी असणे, थुंकण्याची भांडी प्रत्यक्ष वापरात असणे, दोन तासांत कार्यक्रम संपविणे, या साध्या गोष्टींनी तो फरक राहतो. समृद्धी महामार्गावरून मेहकर व सिंदखेड राजा हे तालुके सिन्नर-इगतपुरीशी जोडले गेले आहेत. महामार्ग २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाल्याने जिल्ह्यातून नाशिकचे मळे पाहून येणे सोपे झाले आहे. प्रथमच आस्वादन शिकणाऱ्याने घरी बाटल्या आणण्याआधी असा एक प्रवास करावा, तोही जानेवारी-फेब्रुवारीत, तोडणी चालू असताना. वेलीवरचे शिराझचे द्राक्ष खाऊन त्याची जाड साल चावली की टॅनीन म्हणजे काय ते एका क्षणात कळते.

हीच पद्धत मद्यावाचूनही वापरता येते. जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांच्या सातपुड्याच्या पायथ्याचा मध, निरनिराळ्या गुऱ्हाळांचा गूळ, दोन शेतांतील ज्वारीचा हुरडा यांचे नमुने क्रमांक लावून, पांढऱ्या कागदावर, पाण्याच्या घोटाबरोबर मांडावेत. शाळेतील मुलांना त्रिपेला कसोटी याच वस्तूंनी शिकविता येईल.

सभेनंतर उरलेल्या वाइनला बूच लावून बाटली शीतकपाटात उभी ठेवावी. पांढरी वाइन दोन-तीन दिवस व तांबडी तीन-चार दिवस बऱ्या स्थितीत राहते. नंतर हवेतील ऑक्सिजनाने तिचा वास उतरतो. ती स्वयंपाकात वापरता येते. फेसाळ वाइन मात्र दुसऱ्या दिवशी निस्तेज होते.